किझाया मावशीची माती

९ जून १९३१, मंगळवार

आलो एकदाचे! प्रभूची कृपा म्हणायची. होडी एवढी डुचमळली, तरी आईच्या बशांपैकी एकही फुटली नाही आणि मीही पोटातल्या पाहुण्यासकट धड पोचले. धक्क्यावर अख्खं बेअरहेड बेट जमलं होतं. बायका माझी टोपी बघत होत्या, पुरुष आमचं पिठाचं पिंप. माझ्या नवऱ्याला, जोसायाला, इथे दोन कामं आहेत, शाळेची मास्तरकी आणि रविवारची उपासना. पाळकसाहेब आखातापलीकडे राहतात, वर्षातून तीन-चारदाच येतात. घर लहान पण कोरडं आहे, चुलीचा धूर धुराड्यातून छान ओढला जातो. खिडकीतून चर्च दिसतं, त्याला लागून दफनभूमी, मग समुद्र. झाड औषधालासुद्धा नाही, नुसता खडक.

खर्चाच्या वहीची मागची पानं कोरीच राहतात. कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून रोजनिशी त्यातच लिहिणार.

शेजारची किझाया मावशी खारवलेला मासा आणि काकवी घातलेला चहा घेऊन आली. विधवा आहे, मुलगे समुद्राने नेले. बेटाची सुईण तीच. मी काही सांगायच्या आत माझ्याच चुलीवर हात शेकून तिने ते माझ्या पोटावर ठेवले, पीठ मळावं तसे हलकेच फिरवले आणि नोव्हेंबर म्हणून सांगून टाकलं. म्हणाली, इथलं प्रत्येक डोकं आधी माझ्या हातात आलंय, मग जगात. तुझंही येईल. तू बोलावलंस तर येईन, पोरी, आणि नाही बोलावलंस तरी येईनच. मला हसू आलं. परक्या गावात पहिल्याच दिवशी मावशी मिळाली.

१४ जून, रविवार

जोसायाची पहिली उपासना. सुरुवातीला आवाज कापला, मग सावरला. सेंट क्लेमंटचं हे चर्च लाकडी आहे, आतून निळं. वरचे वासे कुठल्याशा फुटलेल्या जहाजाचे, त्यामुळे बाकावर बसलं की उलट्या होडीखाली बसल्यासारखं वाटतं.

इथे कबरी खणत नाहीत, रचतात. खाली खडकच आहे. माणूस खडकावर ठेवायचा, भोवती दगडांचं कडं करायचं आणि वरून माती घालायची. फाटकापाशी एक लोखंडी पट्टी आहे. बाहेर पडताना लहानथोर सगळे तिच्यावर बूट खरवडून माती आतच पाडतात. एका बाईने तर लेकराच्या गुडघ्यावरची माती थुंकी लावून पुसली आणि बोट आत झटकलं. फार चांगली सवय. माझी झाडलोट वाचली.

पूर्वेच्या भिंतीला लागून मातीचे ढीग आहेत, वर हिरवळ थापलेली, प्रत्येकावर एक पांढरा गोटा. खचलेल्या कबरी भरायला ठेवले असावेत. केवढी माती, आणि नुसती पडून!

१७ जून, बुधवार

आज बटाटे लावले. घरामागे आधीच्या मास्तरांनी फळ्यांचा वाफा करून ठेवला होता, पण आत नुसते गोटे. बियाण्याला कोंब फुटून चालले होते, आणखी थांबले असते तर सगळं फुकट गेलं असतं. आमच्या गावी चर्चच्या आवारातलं गवत-माती उपासना चालवणाऱ्याच्या घरची असते. बाबांनी हयातभर त्याच मातीत कोबी काढला. तेव्हा इथेही तोच हक्क.

आज मासळी आली म्हणून सगळे पुरुष पाण्यात होते आणि बाया मासे वाळवायच्या मांडवांवर. मी कोपऱ्यातला, सगळ्यांत आडबाजूचा ढीग धरला. माती काय सुरेख! काळी, भुसभुशीत, चाळल्यासारखी, खडा म्हणून नाही. बादल्या वाहून कंबर मोडली, पण वाफा काठोकाठ भरला आणि उरली ती जिरेनियमच्या कुंडीत घातली. ढिगाची जागा मोकळी दिसू लागली म्हणून तिथे वाफ्यातले गोटे रचले, वर हिरवळ होती तशी बसवली आणि पांढरा गोटा जागच्या जागी ठेवला. मास्तरीणबाईने पसारा केला असं कुणी म्हणायला नको.

जोसायाने विचारलं, ओबेड काकाला सांगितलंस ना? चर्चची देखभाल तो करतो. मी हो म्हणाले. खरं म्हणजे नाही विचारलं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता असं उगाच वाटलं, म्हणून नाही विचारलं.

५ जुलै, रविवार

शुक्रवारी पाळकसाहेब येऊन गेले. पुढल्या वर्षी चर्चला शंभर वर्षं पूर्ण होतात, बिशपसाहेब येणार. अक्षर चांगलं आणि मॅट्रिक झालेली म्हणून चर्चचा इतिहास लिहून काढायचं काम माझ्यावर आलं. जोसायाला थोडं लागलं असावं, पण तो हसला.

आज उपासनेनंतर ओबेड काकाला बसवून घेतलं. पाइप विझला की गोष्ट थांबते, पेटला की चालू होते. म्हणाला, आमचे पूर्वज इंग्लंडहून मासळीसाठी आले ते राहिले. माती नव्हती, मग मेलेल्यांना समुद्रात सोडायचे. पण ते परत यायचे. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, धक्क्याच्या पायरीशी येऊन राहायचा, चहाला बोलावल्यासारखा. मग रिकाम्या येणाऱ्या जहाजांनी वजनासाठी तळात भरलेली माती उतरवून घेतली, तिच्यावर पहिली कबर रचली आणि कबरीच्या उशाशी चर्च बांधलं. म्हणजे आधी दफनभूमी आणि मग चर्च. हे मला आवडलं, लिहून घेतलं.

पुढे म्हणाला, तेव्हापासून रीत आहे. बाप्तिस्म्याला धर्मबाप आखाताच्या मुखाकडून होडीने माती आणतो, मुलाच्या नावाने भिंतीशी रचतो. मूल वाढतं तशी त्यात भर घालतात. माणूस गेला की त्याची माती त्याच्यावर. दुसऱ्याची चालत नाही, तो आपली ओळखतो. आणि कमी पडली तर? मी विचारलं. तो म्हणाला, तर उठून गोळा करतो, बाई. कणन् कण. म्हणून तर आम्ही फाटकात बूट खरवडतो. तुम्हाला काय वाटलं, तुमची फरशी मळेल म्हणून?

सगळे हसले. मीही हसले, पण माझी लेखणी थांबली होती.

कोपऱ्यातला ढीग कुणाचा, हे मी विचारलं नाही. शेवटचा भाग इतिहासात घेणार नाही. बिशपसाहेबांपुढे असल्या भाकडकथा शोभत नाहीत.

२२ ऑगस्ट, शनिवार

पहिले नवे बटाटे. लोण्यासारखे! जोसायाने तीनदा वाढून घेतले. मला तर हल्ली दुसरं काही जातच नाही, पोटातलं बाळ बटाटाच मागतं. रीतीप्रमाणे पहिली वाटी शेजारी दिली. किझाया मावशी आमच्याच टेबलाशी बसून खात होती. खाता खाता थांबली. म्हणाली, आखाताच्या मुखाकडची चव आहे हिला. माती कुठून आणलीस, पोरी?

मी सांगितलं, माहेरून. पिंपात भरून आणली.

ती खूश झाली. म्हणाली, शहाणी आहेस, आपली माती जवळ असावी. आणि मग सांगू लागली. तिचा धर्मबाप तिच्या बाप्तिस्म्याआधीच बुडाला, त्यामुळे तिच्या नावाने कुणी काही आणलं नाही. नवरा आणेन आणेन म्हणत गेला, मुलगे आणेन म्हणत गेले. शेवटी तिनेच वल्हं मारत, दर उन्हाळ्यात थोडी थोडी आणली. हाताने चाळून घातली. जन्मभर खडकावर राहून म्हातारी झाले, आता मऊ अंथरुणात निजणार, म्हणाली. कोपऱ्यातलं बघ, सगळ्यांत नीटस, ते माझं.

मी तिला आणखी बटाटे वाढले.

२७ सप्टेंबर, रविवार

बटाटे काढून झाले. तळघरात मोठं पिंप भरलं, वर टोपली. या पिठाच्या महागाईत केवढा आधार!

काढणी झाली की माती परत नेऊन टाकायची असं मी रोज प्रार्थनेत कबूल करत आले आहे. आज बादली घेऊन वाफ्यापाशी गेलेसुद्धा. पण नेताना कुणी पाहिलं तर? आणि वसंतात पुन्हा लावायचं म्हटलं तर माती कुठून आणायची? मावशी काटक आहे. खोकला आहे, तो थंडीचा. अजून एक पीक काढू आणि मग देऊ. रस्सा करून तिला दिला. तिने माझ्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, गडी चांगला भरलाय, कशावर पोसतेस गं याला?

६ ऑक्टोबर, मंगळवार

किझाया मावशी सकाळी गेली. झोपेतच. ओबेड काकाची बायको तिला धुवायला गेली आणि मला मदतीला बोलावलं. पोट जड झालंय म्हणून मी गेले नाही. ते खोटं होतं.

८ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायलाच हवं.

तिला खडकावर ठेवलं. भोवती दगडांचं कडं झालं. पुरुषांनी कोपऱ्यातली हिरवळ उचलली. खाली गोटे. ओबेड काकाने फावडं घातलं, खणखण आवाज आला, आणखी घातलं, गोटेच. मग एकजण सायलस पार्डीकडे वळला. वाळवणीच्या मांडवावरून त्याचं आणि मावशीचं गेल्या वर्षीपासून भांडण. भर मयतीत बायका त्याला म्हणाल्या, म्हातारीचं पांघरूण चोरलंस, तुझ्या घशात जाईल ते. सायलस कुणाशी भांडला नाही. टोपी हातात घेऊन एवढंच म्हणाला की जिवंतपणी तिने मला दिलेल्या शिव्या मी अजून मोजतोय, चोरी कशाला करू?

कुणी ऐकलं नाही. त्याच्या बायकोपासून सगळ्या दूर सरकल्या. मीही सरकले. शेजारी उभी असलेली बाई सरकली म्हणून.

ओबेड काकाने स्वतःच्या ढिगातली एक बादली दिली. बाकी वाळू आणि शिंपले. जोसायाला मूठभर माती टाकायची वेळ आली तेव्हा मूठभर मिळेना. मावशीचे पाय उघडे दिसत होते, मोज्यांसकट. मोज्यांना ठिगळ होतं.

माझा वाफा तिथून फर्लांगभरसुद्धा दूर नाही. दोन शब्द बोलले असते तर जेवणवेळेपर्यंत ती झाकली गेली असती.

नाही बोलले.

१० ऑक्टोबर, शनिवार

धुकं. फाटकापलीकडचं दिसत नाही.

एक नवल. आज घर झाडलं तर सुपलीत काहीच आलं नाही. एरवी जोसायाच्या बुटांनी ढिगारा होतो. उंबऱ्याची फट, चुलीमागचा कोपरा, सगळं पुसून घेतल्यासारखं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? मग वाटलं, कुणी पुसलं?

१३ ऑक्टोबर, मंगळवार

धुकं तसंच. मनाशी ठरवलं, या धुक्यात कुणाला दिसणार नाही, आजच माती नेऊन तिच्यावर घालते. बादली घेऊन मागे गेले.

वाफ्यात माती नव्हती.

खडक. ओला, स्वच्छ. फळ्यांच्या सांध्यांतूनसुद्धा काढलेली. बटाट्यांच्या वाळल्या वेली एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या, मुळं धुऊन. मावशी जाळी आवरून ठेवायची, तशी.

भीती वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. घेतली ना तिने? झालं. मिटलं. गुडघे टेकून आभार मानले.

दुपारी दफनभूमीत गेले. पाय अजून उघडेच होते. अंगावर काळी माती आली होती, गळ्यापासून पोटरीपर्यंत. पुढे पुरली नव्हती.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

जिरेनियम कुंडीतून काढून टेबलावर ठेवलेलं. मुळं पांढरीशुभ्र. कुंडी पुसलेली.

तळघरात गेले. पिंपातला एकूणएक बटाटा स्वच्छ. डोळ्यांतली मातीसुद्धा टोकरून काढलेली.

जोसाया शाळेतून आला तो हात दाखवत. नखांखालून रक्त. धुक्यातून येताना कुणीतरी हात धरला, म्हणाला, म्हातारीचा हात असावा. नखं साफ केली, एकेक, लहान मुलाची करतात तशी. कुणाची थट्टा असेल म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं.

सगळं सांगितलं त्याला. तो म्हणाला, ओबेड काकाला सांगितलंस ना, म्हणून मी विचारलं होतं तुला.

त्याने बटाट्याची थाळी बाजूला सारली. मी पण.

पण उन्हाळाभर खाल्लंय.

१८ ऑक्टोबर, रविवार

उपासनेत उभी राहिले. सगळ्यांसमोर सांगितलं. माती, गोटे, हिरवळ, मावशीशी बोललेलं खोटं. सायलसचं नाव घेऊन क्षमा मागितली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओबेड काका म्हणाला, आमची क्षमा आहे बाई तुला, पण माती आमची नव्हती.

सायलस उठला. म्हणाला, गावभर माझं तोंड काळं झालंच आहे, तर माती मीच आणतो. मास्तर, येताय? आखाताच्या मुखाशी, म्हातारी जिथून आणायची तिथूनच आणू. शिव्या देईल, पण घेईल.

बाहेर पडताना सगळ्यांनी बूट खरवडले. माझ्यासाठी पट्टी मोकळी सोडून बाजूला उभे राहिले. मी खरवडत राहिले. काही निघालं नाही.

१९ ऑक्टोबर, सोमवार

होडी गेली. जोसाया जाताना म्हणाला, पोत्यांनी आणू, डोक्यापासून पायापर्यंत झाकू तिला. ओबेड काकाची बायको दिवस भरले की येते म्हणाली. अजून महिना आहे.

धुकं परत उतरलं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

होडी नाही. वारा नाही. ओबेड काका दाराबाहेरूनच सांगून गेला, या धुक्यात कोण येणार?

सकाळी आरशात पाहिलं. दात अगदी पांढरे. हिरड्या दुखतात. झोपेत कुणी—

पोट कडक होतं आणि सैल होतं. अजून वेळ आहे. ती नोव्हेंबर म्हणाली होती.

२२ ऑक्टोबर

ती काय शोधते ते कळलं. वाफ्यातली झाली. कुंडीतली झाली. बुटांची, नखांची, बटाट्यांच्या डोळ्यांतली. राहिली ती आम्ही खाल्लेली. जोसायाने थोडी. मी जास्त. आणि मी खाल्लेली सगळी—

नाही लिहीत.

प्रभू, चूक माझी. त्याची नाही. तो तर अजून—

२३ ऑक्टोबर, दुपार

कळा. लवकर आहेत. खिडकीतून हाका मारल्या, धुक्यात विरून जातात. शाळेची घंटा दूर आहे, तिथपर्यंत चालवणार नाही. लिहीत राहिले की कळ सोसते. जोसाया, आलास की हे वाच.

बाहेर फाटक वाजलं. बूट खरवडल्यासारखा आवाज. थांबून, नीट, दोन्ही पाय.

ओबेड काकाची बायको असेल. प्रभू, तीच असू दे.

दार लोटलेलं होतं, उघडलं.

मोजे. ठिगळाचे मोजे.

मी बोलावलं नव्हतं. ती म्हणालीच होती ना की—

बोलत नाही. चुलीशी उभी आहे. हात शेकते आहे. केव्हाची शेकते. हातातून पाणी गळतंय निखाऱ्यांवर, चर्र होतंय. हात गरम होत नाहीत तिचे. वळून बघते माझ्याकडे. रागाने नाही. तशीच बघते, पहिल्या दिवसासारखी, मायेने.

सांगितलं तिला, मावशी, माती येते आहे, होडी निघालीय, पोती भरून, तुझ्याच जागेची. पाया पडते. थोडी थांब.

मान हलवली तिने. नाही म्हणाली. ती माती दुसरी, माझी नव्हे. पायांपुरतीच कमी आहे, पोरी, एवढीच— आणि हात ठेवले. गार. मळते आहे पीठ मळल्यासारखी, हलकेच, दुखत नाही, अजिबात दुखत नाही, कळा थांबल्या, जोसाया, तो हलायचा थांबला, ती म्हणते मोठा श्वास घे, डोकं आलं माझ्या हातात, किती भुसभुशीत—